बिटकॉइनच्या रांगेत आधी नंबर कुणाचा?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. बिटकॉइन पाठवताना जी फी लागते तिचा पाठवलेल्या रकमेशी काही संबंध नसतो. एक कोटी डॉलरचे कॉइन पाठवा नाहीतर दहा डॉलरचे, ट्रान्झॅक्शन तेवढ्याच बाइटचं असेल तर फी तेवढीच. पैसे मोजायचे ते जागेचे.

आणि जागा कमी आहे. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, तयार होतो आणि २०१० पासून त्याला १ एमबीची मर्यादा घातलेली होती, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही कमी, आणि त्यात अख्ख्या जगाचे व्यवहार बसवायचे. जे बसत नाहीत ते मेमपूल नावाच्या वेटिंग लिस्टमध्ये ताटकळत राहतात. आता आधी आत कुणाला घ्यायचं? गंमत अशी की बिटकॉइनच्या मूळ नियमांत याचं उत्तरच नाही. ब्लॉक मोठा किती असावा, सही खरी आहे का, हे सगळं पक्कं ठरलेलं, पण कुठलं ट्रान्झॅक्शन आधी घ्यायचं ही ज्याच्या हाती ब्लॉक लागला त्या मायनरची, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्याची, मर्जी. त्याने रिकामा ब्लॉक पाठवला तरी तो चालतो. त्यामुळे प्रायॉरिटीचे जे काही 'नियम' आपण म्हणतो ते खरं तर सॉफ्टवेअरमधली डिफॉल्ट सेटिंग असतात, आणि सेटिंग काय, बदलता येतात.

सुरुवातीचं सेटिंग मला आजही भारी वाटतं. तेव्हा 'प्रायॉरिटी' असा खरोखरचा एक आकडा काढला जायचा: तुम्ही खर्च करताय त्या कॉइनची रक्कम, गुणिले ते कॉइन किती ब्लॉक एका जागी पडून आहेत, भागिले ट्रान्झॅक्शनचे बाइट. उंबरठा होता ५,७६,००,०००. कुठून आला हा आकडा? १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी, एक दिवसात १४४ ब्लॉक, आणि ट्रान्झॅक्शन समजा २५० बाइटचं, करा हिशोब, बरोबर तेवढंच येतं. म्हणजे एक बिटकॉइन एक दिवस हात न लावता ठेवला की तो फुकट पाठवता यायचा, ०.१ असेल तर दहा दिवस थांबा. अशा जुन्या कॉइनसाठी ब्लॉकमध्ये वेगळी जागा राखून ठेवलेली असायची, एका काळी ५०,००० बाइट.

यात खरी हुशारी कुठे आहे ते बघा. कॉइन खर्च केला की त्याचं वय शून्य होतं, त्यामुळे तेच ते पैसे इकडून तिकडे फिरवून नेटवर्क तुंबवायला बघणाऱ्याची प्रायॉरिटी आपोआप मातीत जायची, त्याला अडवायला वेगळा चौकीदार लागत नव्हता. उलट जो गप्प बसून वाट बघेल त्याला फुकटात रस्ता. अर्थात ज्याच्याकडे जास्त पैसे त्याला कमी वाट बघावी लागायची, त्यामुळे फार समतावादी वगैरे म्हणायला नको.

ज्यांच्याकडे पुरेशी प्रायॉरिटी नव्हती त्यांच्यासाठी फी होती, आणि तीसुद्धा डेव्हलपर लोक हाताने ठरवायचे. आधी दर केबीला ०.०१ बिटकॉइन होती. २०११ मध्ये भाव एकदम वर गेला तशी ती ०.०००५ केली, २०१३ मध्ये ०.०००१, आणि २०१४ मध्ये नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरनी ट्रान्झॅक्शन एकमेकांकडे पुढे पाठवण्याची किमान फी ०.००००१ वर आणली, म्हणजे बाइटला १ सातोशी. दरवेळी कारण तेच, बिटकॉइन महाग झाला की जुनी फी डॉलरमध्ये डोळे पांढरे करणारी व्हायची, मग कुणीतरी कोडमधला एक शून्य वाढवायचा. हे काही फार दिवस चालणारं नव्हतं.

पुढे ब्लॉक खरंच भरायला लागले तेव्हा मायनर म्हणायला लागले की ५०,००० बाइट फुकट का घालवायचे? त्यात चुकीचं काही नाही, धंदा आहे त्यांचा. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या बिटकॉइन कोअरच्या, म्हणजे बिटकॉइन चालवणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरच्या, ०.१२ आवृत्तीत ही राखीव जागा डिफॉल्टने शून्य झाली आणि २०१७ च्या ०.१५ मध्ये प्रायॉरिटीचा अख्खा कोडच काढून टाकला. तिथून पुढे वय, संयम सगळं गेलं, उरला फक्त लिलाव, बाइटमागे जास्त सातोशी देणारा पुढे.

आणि हा लिलाव किती वेडा होऊ शकतो ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिसलं, सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली. माझं एक ट्रान्झॅक्शन तेव्हा पाच दिवस लटकलं होतं, वॉलेटने स्वतःच्या मनाने एक ठरावीक फी लावलेली आणि ती बदलायचं बटणच नव्हतं. ना पैसे इकडे ना तिकडे, दिवसातून वीस वेळा स्क्रीन रिफ्रेश करत बसायचं. आता असं झालं तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तेच ट्रान्झॅक्शन जास्त फी लावून परत पाठवायचं, जुनं आपोआप बाद होतं. दुसरी म्हणजे त्या अडकलेल्या पैशातूनच पुढचं ट्रान्झॅक्शन करायचं आणि त्याला दणकून फी लावायची, मग मायनरला पोराची फी हवी असेल तर आधी बापाला आत घ्यावंच लागतं. २०१६ पासून कोअरमध्ये दोघांचा हिशोब एकत्रच होतो.

चिल्लरवाल्यांचं दुःख मात्र वेगळंच. समजा तुम्हाला वीस वेळा थोडे थोडे कॉइन मिळालेत आणि आता ते एकत्र पाठवायचेत. आजच्या पद्धतीच्या पत्त्यावर एक इनपुट, म्हणजे खर्चायचा एक तुकडा, साधारण ६८ बाइट धरला जातो, म्हणजे वीसांचे १,३६०, वर थोडं इकडेतिकडे धरून १,४३० च्या आसपास. तीच रक्कम एकाच तुकड्यात असती तर १४० मध्ये काम झालं असतं. म्हणजे दहापट फी. त्यामुळे फी कमी असते तेव्हा शहाणे लोक आपली चिल्लर एकत्र करून ठेवतात.

हा 'धरला जातो' पण महत्त्वाचा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बिटकॉइनच्या नियमांत सेगविट नावाचा बदल आला तेव्हापासून सहीचा भाग पाव वजनाने मोजतात. हेतू चांगला होता, जागा वाढावी हा. पण २०२३ मध्ये ऑर्डिनल्सवाल्यांना, म्हणजे बिटकॉइनवर चित्रं वगैरे नोंदवून ठेवणाऱ्यांना, दिसलं की सहीच्या जागेत चित्रंही कोंबता येतात आणि त्यांनाही तीच पाऊणपट सूट मिळते, मग काय, झुंबड. पुढच्या वर्षी, २० एप्रिल २०२४ ला मायनरचं बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइन झालं त्या ८,४०,००० नंबरच्या ब्लॉकमध्ये रून्स नावाची नवीन टोकन काढायला एवढी मारामारी झाली की नुसती फीच ३७ बिटकॉइनच्या वर गेली.

इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. तिथेही आधी बंद पाकिटातला लिलावच होता, शेजारच्याने किती बोली लावलीय याचा अंदाज घ्या आणि ठोका. १० जून २०२० ला कुणीतरी ०.५५ ईथर (तिथलं चलन) पाठवायला १०,६६८ ईथर फी भरली, बाकीच्यांसाठी विनोद, त्याच्यासाठी पंचवीस लाख डॉलरच्या वरचा फटका. ५ ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडपासून मूळ फी गणितच ठरवतं. आधीचा ब्लॉक अर्ध्यापेक्षा जास्त भरला तर फी वाढते, कमी भरला तर उतरते, एका ब्लॉकला जास्तीत जास्त १२.५ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण सलग सहा ब्लॉक तुडुंब भरले की फी दुप्पट होते आणि आता तिथे बारा सेकंदांना एक ब्लॉक आहे, म्हणजे सव्वा मिनिटात दुप्पट, चार मिनिटांत दहापट. एवढं महाग झालं की गर्दी आपोआप पांगते. आणि ही मूळ फी कुणालाच मिळत नाही, ती जाळून टाकतात, नाहीतर ब्लॉक बनवणारेच आपली खोटी ट्रान्झॅक्शन भरून दर फुगवत बसले असते. रांगेत पुढे घुसायला वर टिप द्यायची, ती त्यांची. म्हणजे लिलाव संपला नाहीच, फक्त टिपेपुरता उरला.

इकडे बिटकॉइनमध्ये २०२५ साली उलटंच झालं. मेमपूल बरेचदा रिकामा, आणि २०१४ पासून तळाशी बसलेली ती बाइटला १ सातोशीची किमान फीसुद्धा लोकांना जास्त वाटायला लागली. काही मायनर त्याखालची ट्रान्झॅक्शन गुपचूप घ्यायला लागले, बाकीचे नोड, म्हणजे नेटवर्कमधले कॉम्प्युटर, मात्र ती पुढे पाठवत नव्हते, त्यामुळे ब्लॉक आला की त्यात आपण कधी पाहिलेलीच नाहीत अशी ट्रान्झॅक्शन निघायची आणि ती परत मागवत बसावं लागायचं. शेवटी कोअरवाल्यांनी किमान फी ०.१ सातोशीवर आणली, परत एकदा हातानेच.