माल्टाचे तीन मिलचे नाणे

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर १६ मे १९७२ रोजी पौंड-शिलिंग-पेन्सचा हिशेब जाऊन दशमान चलन आले. १ लिरा म्हणजे १०० सेंट आणि १ सेंट म्हणजे १० मिल. सुटी नाणी निघाली २, ३ आणि ५ मिलची. १ मिलचे नाणे चलनात नव्हतेच.

लिरा जुन्या पौंडाइतकाच ठेवला होता. त्यामुळे २४० पेन्सचे १००० मिल झाले आणि एक पेनी बसली ४.१६६७ मिलला. सहा पेन्सचे बरोबर २५ मिल होतात. मधल्या सगळ्या रकमांना अपूर्णांक चिकटतो. पेनीची वस्तू ४ मिलला दिली तर दुकानदाराचे ४ टक्के जातात, ५ मिल घेतले तर गिऱ्हाइकाला २० टक्के जादा पडतात. दशमान बदलात गरिबाला झळ बसते ती इथे, म्हणून बारीक नाण्यांना फार महत्त्व.

२ आणि ५ मिलवरही भागले असते, पण १ मिल चुकता करायला ५ देऊन दोन-दोनची दोन नाणी परत घ्यावी लागली असती. ३ मिल असले की ३ द्यायचे, २ परत घ्यायचे. ८ मिलला चार नाण्यांऐवजी ५ आणि ३ अशी दोनच पुरतात. आपल्याकडेही १९६४ पासून तीन पैशांचे षटकोनी ॲल्युमिनियमचे नाणे होते, ते अनेकांना आठवत असेल.

माल्टाचे हे नाणेही ॲल्युमिनियमचेच: पाकळीदार कड, पोळ्यावर बसलेली मधमाशी, व्यास २३.२५ मिमी आणि वजन फक्त १.४५ ग्रॅम. याच आकाराचे कांस्याचे नाणे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरले असते.

ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो आणि तोच धातूला राखतो. मात्र खाऱ्या हवेतले क्लोराइड हा थर जागोजागी फोडते आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ओलसर डब्यात हे नाणे कांस्याच्या १ सेंटला चिकटून राहिले तर दोन धातूंचा विद्युतघट तयार होतो आणि झिजते ते ॲल्युमिनियमच. धुण्याचा सोडा तर मुळीच लावू नका, तो ऑक्साइडचा थर विरघळवतो. ऊर्ध्वपातित पाण्याने धुवून, न घासता टिपून कोरडे करा. पीव्हीसीचे पाकीट टाळा. ते जुने झाले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू शकते. पॉलिएस्टरचे पाकीट चालते.