न्यू इंग्लिश स्कूल: आधी शाळा, मग सोसायटी

‘टिळक-आगरकरांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली आणि सोसायटीने न्यू इंग्लिश स्कूल,’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. क्रम नेमका उलटा आहे.

पुण्यात शाळा उघडली १ जानेवारी १८८० रोजी. सोसायटी स्थापन झाली १८८४ मध्ये. शाळेसाठी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून आले ते विष्णुशास्त्री चिपळूणकर. वय तिशीच्या आत. सोबत तेवीस वर्षांचे टिळक, गणित शिकवायला. आगरकरांचं एम.ए. तेव्हा व्हायचं होतं. ते वर्षभराने आले. मोठ्या पगाराची आस धरू नकोस, असं त्यांनी आईला आधीच कळवलं होतं.

चिपळूणकर मार्च १८८२ मध्येच गेले. सोसायटी त्यांनी पाहिलीच नाही, म्हणूनच बहुधा त्यांचं नाव गळतं. मला ही चूक फार लागते.