काळ्या पायांचा फेरेट

उत्तर अमेरिकेच्या प्रेअरी गवताळ प्रदेशातील निशाचर, मांसाहारी सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव मुस्टेला निग्रिपेस. पाणमांजर ज्या मुस्टेलिडी कुलात मोडते त्याच कुलातला हा. चण मात्र मुंगसाची आठवण करून देणारी. वजन जेमतेम एक किलो, अंग लांबट व फिकट पिवळसर. पाय, शेपटीचे टोक आणि डोळ्यांवरची पट्टी काळी. घरात पाळतात तो फेरेट वेगळ्या जातीचा, मूळ युरोपातला.

याचा सगळा संसार प्रेअरी डॉगच्या जिवावर चालतो. प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रा नव्हे, तर मोठमोठ्या वसाहती करून जमिनीत बिळे खणणारी जाडजूड खार. धोका दिसला की ती भुंकल्यासारखा आवाज काढते, म्हणून हे नाव. फेरेटच्या आहारात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा हिचाच. रात्री बिळात शिरून तो झोपलेल्या खारीचा गळा धरतो आणि राहतोही तिच्याच बिळात. स्वतः खणण्याच्या फंदात सहसा पडत नाही. लाकोटा या तिथल्या मूलनिवासी जमातीच्या भाषेतील त्याच्या नावाचा अर्थच ‘काळ्या तोंडाचा प्रेअरी डॉग’ असा होतो.

जॉन जेम्स ऑड्यूबन व जॉन बॅकमन या निसर्ग-अभ्यासकांनी १८५१ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेही हाती आलेल्या एका कातड्यावरून. पुढे सुमारे पाव शतक तो कोणा अभ्यासकाला सापडला नाही, तेव्हा ऑड्यूबनने हा प्राणी मनानेच रचला असावा अशी कुजबुजही झाली.

विसाव्या शतकात तो खरोखरच दिसेनासा होऊ लागला. गुरांचे गवत खातात म्हणून प्रेअरी डॉगना विष घालण्याच्या सरकारी मोहिमा निघाल्या आणि उरलेल्या कुरणांवर नांगर फिरला. त्यात प्लेगची भर पडली. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात हाहाकार माजवणाऱ्या त्याच जागतिक साथीचे जंतू १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरले. शहरातली साथ ओसरली. पण पिसवांमार्फत रोग रानातल्या खारींत शिरला आणि पूर्वेकडे सरकत मैदानांत मुरला. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत प्लेग आला की ती जवळजवळ ओस पडते. फेरेट मग प्लेगने मरतो, नाहीतर उपासमारीने.

१९६४ मध्ये साउथ डकोटात एक लहानशी संख्या आढळली. तिच्यातले सहा फेरेट पैदाशीसाठी पकडून डिस्टेंपर या रोगाची लस टोचली, तर त्या लसीनेच चौघांना डिस्टेंपर होऊन ते दगावले. पाळीव फेरेटना हीच लस मानवली होती. बंदिवासातला शेवटचा फेरेट १९७९ मध्ये मेला आणि जात संपली असे मानले गेले.

२६ सप्टेंबर १९८१ रोजी वायोमिंगमधील मिटीट्सी गावाजवळच्या एका रँचवर, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या वाडीवर, शेप नावाच्या कुत्र्याने काहीतरी मारून दारात आणले. प्राणी देखणा वाटला म्हणून घरच्यांनी तो पेंढा भरून घ्यायला गावातल्या कारागिराकडे नेला. त्याने तो ओळखला. शोध घेतल्यावर जवळच फेरेटची जिवंत वस्ती सापडली. १९८४ मध्ये तिथे १२९ फेरेट मोजले गेले. लगेच पुढच्या वर्षी तिथल्या प्रेअरी डॉगमध्ये प्लेग आणि फेरेटमध्ये डिस्टेंपर पसरला. घाईने पकडलेले पहिले सहाही वाचले नाहीत. फेब्रुवारी १९८७ पर्यंत उरलेले सगळे, म्हणजे एकूण अठरा, पिंजऱ्यात आणले गेले. त्यांतल्या सातांचाच वंश पुढे चालला.

पैदास सोपी नव्हती. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, सुमारे ४२ दिवसांनी तीन-चार पिल्ले देते. तरी संख्या वाढली आणि १९९१ मध्ये वायोमिंगच्या शर्ली बेसिनमध्ये पहिले ४९ फेरेट सोडण्यात आले. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला शिकार कुठून येणार? म्हणून आता सोडण्याआधी त्यांना बिळे असलेल्या मोकळ्या आवारात ठेवून जिवंत प्रेअरी डॉगवर तालीम देतात. अमेरिकेची आठ राज्ये, कॅनडा व मेक्सिको मिळून तीसच्या आसपास ठिकाणी फेरेट सोडले गेले; काही जागा लाकोटांच्या राखीव भूमीवरही आहेत. साउथ डकोटातले कोनाटा बेसिन सर्वांत यशस्वी ठरले, पण २००८ मध्ये प्लेगने तेही गाठले.

गणती रात्री होते. मैदानावर प्रखर दिवा फिरवला की फेरेटचे डोळे हिरवे चमकतात. मग बिळाच्या तोंडाशी सापळा लावून त्याला पकडतात, प्लेगची लस टोचतात, चिप बसवतात आणि पुन्हा त्याच बिळात सोडतात. पिसवा मराव्यात म्हणून बिळाबिळांत डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी फवारावी लागते, तीही पुन्हा पुन्हा.

सात पूर्वजांमुळे रक्त फार जवळचे झाले. त्यावर उपाय म्हणून, १९८८ पासून सॅन डिएगोत गोठवून ठेवलेल्या विला या मादीच्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अ‍ॅन ही क्लोन जन्मली. बंदिवासातल्या कळपात विलाचा वंश उरलेला नव्हता. एलिझाबेथ अ‍ॅनला पिल्ले होऊ शकली नाहीत. पण त्याच पेशींपासून २०२३ मध्ये जन्मलेल्या अँटोनियाने २०२४ मध्ये पिल्ले दिली.

बातम्या क्लोनच्याच होतात. अडचण मात्र जमिनीची आहे. बंदिवासात आजवर दहा हजारांवर पिल्ले जन्मली, तरी रानात फेरेट काही शेकडाच आहेत. २०१३ च्या सरकारी आराखड्यानुसार धोक्याच्या यादीतून नाव काढायचे तर रानात ३,००० प्रौढ हवेत, आणि तेवढ्यांना पुरेल इतक्या प्रेअरी डॉगच्या वसाहती हव्यात. रँचवाल्यांचा विरोध मावळावा म्हणून सोडलेल्या बहुतेक फेरेटना ‘प्रायोगिक’ दर्जा दिला आहे, म्हणजे शेतीच्या नेहमीच्या कामात चुकून एखादा मेला तर सहसा खटला होत नाही. फेरेट ज्याच्यावर जगतो तो प्रेअरी डॉग मात्र साउथ डकोटासारख्या राज्यात कायद्याने उपद्रवी ठरलेला आहे.