ध्वनिसंपादनातील बॅच प्रक्रिया व फाइल-निर्यात

ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा संस्कार किंवा संस्कारांची ठरलेली मालिका अनेक ध्वनिफायलींवर, प्रत्येक वेळी माणसाने हात न लावता, ओळीने करून घेण्याची सोय म्हणजे बॅच प्रक्रिया. आणि संपादित ध्वनी इतरत्र वाजवता येईल अशा स्वरूपात स्वतंत्र फायलीत लिहिणे म्हणजे निर्यात अथवा एक्सपोर्ट. या दोन सोयी मेनूत बहुधा वेगवेगळ्या जागी असतात. रचनेच्या दृष्टीने मात्र त्यांचा एकत्र विचार करणे इष्ट, कारण बॅचमधील प्रत्येक फेरी निर्यातीनेच संपते आणि ‘अन्डू’ची आज्ञा जिथे निरुपयोगी ठरते ती सीमाही तीच असते.

व्युत्पत्ती व इतिहास : ‘बॅच’ हा इंग्रजी शब्द भाजणे या अर्थाच्या जुन्या धातूपासून आला असून भट्टीतून एका वेळी निघणारे पाव असा त्याचा मूळ अर्थ होता, गोव्यातील पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीवर तो आजही शब्दशः लागू पडतो. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘घाणा’ (भज्यांचा पहिला घाणा) हा आहे. संगणकाच्या परिभाषेत मात्र तो रुळला नाही आणि ‘बॅच’च टिकला.

बॅच प्रक्रियेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. हर्मन हॉलरिथ याच्या छिद्रित पत्रांवर १८९० च्या अमेरिकी जनगणनेची मोजणी झाली, तेथून काही जण तिची गणना करतात. दुसऱ्या मतानुसार जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५६ च्या सुमारास तयार केलेली कार्यप्रणाली हाच खरा आरंभ होय, कारण एक काम संपल्यावर पुढचे काम आपोआप हाती घेण्याची व्यवस्था तीत होती. ध्वनिसंपादनापुरते पाहता दुसरे मत अधिक उपयुक्त वाटते; पत्रे एकामागून एक सरकवणे आणि कामांची रांग यंत्राने स्वतः चालवणे यांतील फरक येथे निर्णायक आहे. ध्वनीच्या क्षेत्रात ही पद्धत प्रथम आज्ञाओळीवरून आली. लान्स नॉर्स्कॉग यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेले ‘सॉक्स’ हे साधन लहानशा स्क्रिप्टमध्ये गुंफून शेकडो फायलींचे रूपांतर करता येत असे. खिडक्यांवर आधारित संपादकांत ही सोय पुढे मालिकांच्या रूपाने आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑडॅसिटीमध्ये अशा मालिकांना आधी ‘चेन’ म्हणत, नंतर ‘मॅक्रो’ हे नाव मिळाले.

निर्यातीसाठी ‘बाउन्स’, ‘रेंडर’ व ‘मिक्सडाउन’ हे शब्द जवळजवळ समानार्थी वापरले जातात, परंतु त्यांची कुळे निराळी आहेत. ‘बाउन्स’ हा बहुधा चुंबकीय फितीच्या काळातला असून भरलेले अनेक ट्रॅक मिसळून एका मोकळ्या ट्रॅकवर उतरवणे असा त्याचा अर्थ होता. ‘रेंडर’ हा संगणकीय चित्रणातून आलेला दिसतो. फितीवरच्या त्या सवयीचा अवशेष दीर्घकाळ टिकला. प्रो टूल्स या ध्वनिसंपादकामध्ये वाजण्याच्या वेगापेक्षा जलद बाउन्स करण्याची सोय २०१३ मधील ११ व्या आवृत्तीत आली. तोवर तासाभराच्या कार्यक्रमाला तासभर थांबावे लागे. हे थांबणे सर्वस्वी व्यर्थ नव्हते, कारण त्या तासात निदान एकदा तरी सर्व ध्वनी कोणाच्या तरी कानांखालून जाई. जलद निर्यातीने ती तपासणी काढून घेतली आणि बॅच प्रक्रियेने तर ती अशक्यच केली.

फायलीचे आकारमान : आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या वेव्ह स्वरूपात फायलीची लांबी ३२ बिटांच्या अंकाने नोंदली जाते. त्यामुळे फाइल सुमारे ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि तो अंक धन-ऋण चिन्हासह वाचणाऱ्या काही जुन्या सॉफ्टवेअरांत ही मर्यादा २ जीबीवरच येते. गोव्यातील भजनपरंपरेत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. वास्को येथील दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. ते ४८,००० हर्ट्‌झ, २४ बिट व दोन वाहिन्या या मापाने मुद्रित केल्यास दर सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे अहोरात्रात सुमारे २४.९ जीबी होतात. एकसंध वेव्ह फाइल ४ तास ८ मिनिटांच्या पुढे जात नाही. जुन्या कालगणनेनुसार आठ प्रहरांत तोडल्यास तीन तासांचा प्रत्येक तुकडा ३.१ जीबीचा होऊन मर्यादेत बसतो. ९६,००० हर्ट्‌झ निवडल्यास तोही बसत नाही. युरोपीय प्रक्षेपण संघाचे आरएफ६४ हे स्वरूप ही मर्यादा ओलांडते, तथापि ते न वाचणारी साधने अद्याप वापरात आहेत. म्हणून निर्यातीची संवादखिडकी उघडतानाच अपेक्षित आकार काढून दाखवणे ही रचनाकाराची जबाबदारी ठरते. पाचव्या तासाला फाइल अपुरी लिहिली गेल्याचे नंतर उघडकीस येण्यापेक्षा आरंभीचा इशारा केव्हाही बरा.

नामकरण : रेकॉर्डिंगच्या तंत्रापेक्षा नावांनी अधिक बॅच बिघडतात, असे म्हणण्यास जागा आहे. निर्यातीत नावाचा साचा द्यावा लागतो (ट्रॅकचे नाव, अनुक्रमांक, तारीख इत्यादींच्या जागा राखून) आणि दोन फायलींची नावे सारखीच निघाली तर काय करायचे, हे साच्यातच ठरवावे लागते. न विचारता जुन्या फायलीवर लिहिणे हा पर्याय मूळ स्थितीत कधीही निवडलेला नसावा. तारखेतील तिरकी रेघ व वेळेतील विसर्गासारखी दोन टिंबे विंडोजमध्ये नावात चालत नाहीत. देवनागरी अंक संकेतक्रमाने लावल्यास ‘१०’ हे ‘२’ च्या आधी येते. ‘०२’ असा शून्य जोडण्याची सोय साच्यात असेल तरच नाट्यपदांचा क्रम टिकतो.

मराठीची खास अडचण ‘ऱ’ या अक्षराची आहे. ‘दुसऱ्या प्रहराचे भजन’ हे नाव युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे लिहिता येते. ‘ऱ’ हा एकच संकेत (०९३१) वापरून, ‘र’ आणि नुक्ता असे दोन संकेत जोडून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. पहिल्या दोन रूपांचे समीकरण युनिकोडच्या प्रमाणीकरणाने (समान रूपे एकाच ठरलेल्या रूपात आणण्याने) होते. तिसरे त्यात येत नाही व ते वेगळे हाताळावे लागते. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइलप्रणालीत नाव साठवताना ‘ऱ’चे विघटन होई, त्यामुळे तेथून विंडोजवर आणलेल्या संग्रहात यादीतील नाव व प्रत्यक्ष फाइल यांचा मेळ न बसणे संभवते. पोर्तुगीज वळणाच्या रोमन नावांतील अनुनासिक चिन्हे व शेपटीचा ‘सी’ यांनाही हेच लागू असल्याने गोव्यातील मिश्र संग्रहात दोन्ही लिप्यांत सारखाच घोटाळा होतो. शिवाय लिनक्समधील अनेक फाइलप्रणालींत नाव २५५ बाइटांपुरते असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला ३ बाइट लागत असल्याने एकूण ८५ संकेतच मावतात आणि एकट्या ‘दुसऱ्या’लाच २१ बाइट खर्ची पडतात.

फायलीच्या पोटातील माहितीची (शीर्षक, भाषा इत्यादी नोंदींची) स्थिती याहून बिकट आहे. १९९६ मधील आयडी३ या एमपी३ फायलींतील नोंदींच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत फायलीच्या शेवटी १२८ बाइटांची जागा असून शीर्षकाला ३० बाइट मिळत. देवनागरीचा तेथे विचारच नव्हता. दुसऱ्या पिढीत युनिकोडला स्थान मिळाले, पण वेव्हमधील माहितीच्या रकान्यांना निश्चित युनिकोड संकेतन नसल्याने तेथील मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होणे नित्याचे आहे. रूपांतर करताना कोणती माहिती पुढे गेली व कोणती गळाली, हे सॉफ्टवेअरने सांगायला हवे.

संस्कारांचा क्रम : नमुनादर (दर सेकंदाला घेतलेल्या ध्वनिनमुन्यांची संख्या) बदलणे आधी, पातळी ठरवणे त्यानंतर आणि २४ बिटांवरून १६ बिटांवर येताना द्यावयाचा डिदर सर्वांत शेवटी, हा क्रम सामान्यतः मान्य आहे. डिदर म्हणजे मुद्दाम मिसळलेला अत्यल्प गोंगाट. त्याचे गणिती विवेचन व्हँडरकुय व लिपशित्झ यांनी १९८४ मध्ये केले. क्रम वापरकर्त्यावर सोडावा की सॉफ्टवेअरने लादावा, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलले जाते. डिदर मालिकेच्या मध्ये टाकल्यास निदान इशारा द्यावा, हा मध्यममार्ग बरा दिसतो.

ध्वनिपातळीबाबत कमाल शिखर मोजण्याची जुनी रीत मागे पडून २००६ च्या आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) शिफारशीवर आधारलेली, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाची मोजणी रूढ झाली. युरोपीय प्रक्षेपण संघाने २०१० मध्ये तिचे लक्ष्य उणे २३ एककांवर ठेवले. या रीतीत आधी संपूर्ण फाइल मोजून मगच ती बदलता येते, म्हणजे प्रत्येक फायलीच्या दोन फेऱ्या होतात. मात्र बॅचमध्ये मूळ प्रश्न एकेक फाइल स्वतंत्र धरायची की सगळा संच एक धरायचा, हा असतो. घुमट या गोव्यातील चर्मवाद्यावरच्या आरतीचा दणका व त्याआधीचा संथ अभंग यांना वेगवेगळे समान पातळीवर आणल्यास कार्यक्रमाची चढण सपाट होते. दोन्ही पर्याय देऊन एकाच मैफलीच्या फायलींसाठी संचाचा पर्याय पुढे ठेवणे योग्य.

गोंगाट काढण्यासाठी घेतलेला खरखरीचा नमुना मात्र कधीही संचाला सामायिक नसावा. मूळ फोंडा तालुक्यातील केरी येथील केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत एका बाजूस तीनेक मिनिटांचे गाणे मावे, आणि प्रत्येक तबकडीची खरखर तिची स्वतःची असते. एका तबकडीवरून घेतलेला नमुना दुसरीवर चालवल्यास स्वराबरोबर श्वासही पुसला जातो. त्याचप्रमाणे प्रत्येक फायलीच्या आरंभी परिणामक प्लगइन पूर्ण रिकामे करणे आवश्यक आहे, अन्यथा मागील पदाच्या घुमाऱ्याची शेपटी पुढच्या पदाच्या तोंडाला चिकटते. आणि शेवटी ती शेपटी विरेपर्यंत लेखन चालू राहावे लागते.

खंड व अपयश : रांगेतील एक फाइल बिघडलेली निघाल्यास सारे थांबवावे की ती वगळून पुढे जावे, यावर मतभेद आहेत. रात्रभर चालणाऱ्या कामात वगळणे व शेवटी वगळलेल्यांची यादी देणे अधिक व्यवहार्य. नवी फाइल तात्पुरत्या नावाने लिहून ती पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात वीज मध्येच गेली तरी अर्धवट फाइल पूर्ण म्हणून संग्रहात शिरत नाही आणि काम खंडित जागेपासून पुन्हा सुरू करता येते. अनेक फायली समांतर चालवल्याने वेळ वाचतो, पण एकाच यांत्रिक डिस्कवर तो लाभ घटतो.

भाषेची नोंद : गोव्यातील संग्रहांत मराठी व कोकणी दोन्ही देवनागरीत असल्याने लिपीवरून भाषा ओळखण्याची युक्ती येथे निरुपयोगी ठरते, कोकणीचा रोमन लिपीतील भाग, उदाहरणार्थ तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातील गीते, निराळाच. आयडी३ च्या दुसऱ्या पिढीत भाषेसाठी तीन अक्षरी संकेताचा रकाना असून मराठीला ‘एमएआर’ व कोकणीला ‘केओके’ ही अक्षरे आहेत. बॅचच्या साच्यात हा रकाना फाइलवार भरता यायला हवा, कारण एकाच उत्सवातील मुद्रणात मराठी अभंग आणि कोकणी गीत एकामागून एक येऊ शकतात.