चिनी जेड की मुघल जेड?

फिकट हिरवट जेडचा पातळ वाडगा, बाजूंना कळ्यांच्या आकाराचे कान आणि तळाशी चिनी अक्षरं. बघणारा ‘चिनी’ म्हणून मोकळा होतो आणि नेमका तिथेच फसतो.

गोंधळ दगडापासूनच सुरू होतो. दोन्हीकडचं जेड म्हणजे नेफ्राइट, आणि तेही बरंचसं खोतानच्या नद्यांमधलं. हा भाग आज चीनच्या शिनजियांगमध्ये येतो. तिथून दगड पूर्वेला बीजिंग-सुचौ या चिनी शहरांत गेला, तसाच मुघलांच्या कारखान्यांतही पोचला. (पाचूसारखं गर्द हिरवं दिसलं तर ते बहुधा ब्रह्मदेशातलं जेडाइट, म्हणजे जेडच म्हणवणारं दुसरं खनिज, त्याची गोष्ट वेगळी.) रीतही सारखीच. नेफ्राइट इतकं चिवट की छिन्नीला दाद देत नाही. त्यामुळे कठीण खनिजाची पूड आणि पाणी घेऊन फिरत्या चाकावर घासत बसायचं. आपल्याला कोरलेला वाटणारा प्रत्येक ड्रॅगन झिजवून काढलेला असतो.

मग फरक कुठे? कारागिराच्या डोळ्यासमोर काय होतं, त्यात. चिनी कारागिरासमोर बरेचदा पूर्वजांच्या पूजेतली काशाची प्राचीन भांडी असत. म्हणून भिंती जाड, घाट भारदस्त, पोटावर डोळे वटारलेला मुखवटा. कानांतल्या सुट्या कड्या मात्र निरखून बघाव्यात. त्या मागून अडकवलेल्या नसतात. त्याच दगडातून अखंड, न तोडता मोकळ्या केलेल्या असतात. एक चुकीचा झटका आणि सगळी मेहनत मातीत.

मुघल कारागिराला भांडं सुचतं ते झाडापानांतून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानचा 1657 सालचा मद्याचा प्याला आहे: चिरलेल्या भोपळ्याचा आकार, निमुळतं होत गेलेलं टोक वळून बकऱ्याचं डोकं झालेलं, आणि बैठक म्हणजे उमललेलं कमळ. तळ म्हणजे फूल, ही मुघल हाताची मोठी खूण. चिनी भांड्याच्या तळाला बहुधा बैठकीची साधी गोल कडी असते, कधी तिच्या आत राजवटीचा शिक्का. मुघल कामात सोन्याच्या तारेत माणकं-पाचूही जडवतात. चिनी रसिकाला सहसा उघडा दगडच प्रिय. मला विचाराल तर जडावाखाली जेड गुदमरतं.

वापरही वेगळा. चीनमध्ये धूपदाणी, डबी आणि धूपाचे चमचे-काड्या ठेवायची फुलदाणी असा तिघांचा संच मांडत. लिहायच्या मेजावर कुंचला धुवायचं पात्र असे, आणि तबकात ‘बुद्धाचा हात’ हे बोटांसारख्या फाकांचं लिंबू, फक्त वासासाठी. मुघलांकडे प्याले, हुक्क्याची पात्रं, पानाच्या डब्या. म्हणजे दरबारात हातात खेळणाऱ्या वस्तू. चिनी जेडकाम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहात बघता येतं, भारतीय हाताचं हैदराबादच्या सालारजंगमध्ये.

आता तळाच्या त्या अक्षरांकडे येऊ. 1759 पर्यंत चीनच्या चियेनलुंग बादशहाने शिनजियांग जिंकलं. खोतानचा दगड त्याच्या दरबारी मुबलक येऊ लागला, आणि त्याच वाटेने ‘हिंदुस्तानी’ भांडीही. त्यांचा पातळपणा बघून हा माणूस वेडावलाच. त्याने त्यांच्यावर कविता रचल्या आणि त्या त्या भांड्यांवरच कोरून घेतल्या! म्हणजे चिनी लेख हा चिनी घडणीचा पुरावा नाही. उलट, चीनमधल्या कारागिरांनी त्या धर्तीवर पातळ, पानाफुलांची भांडी घडवली. तिथे नुसती पाकळी बघून मुघल म्हणणंही धोक्याचं. आणि बादशहाने हिंदुस्तानची म्हणून जपलेली काही भांडी नंतरच्या अभ्यासकांनी पाहिली, तर ती उस्मानी तुर्कांकडची निघाली.