पळवाट काढली की नियम मोडला?

टास्कमास्टर (स्पर्धकांना कागदावर लिहिलेली विचित्र कामं, म्हणजे टास्क, देणारा ब्रिटिश टीव्ही शो) बघताना लोक सगळ्यात जास्त भांडतात ते यावरूनच, आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. कुणी डोकं चालवून सोपा मार्ग काढला की लगेच "हे चीटिंग आहे" म्हणतात आणि कुणी बिचारा चुकून नियम मोडतो तेव्हा "जाऊ दे ना, मुद्दाम नाही केलं" म्हणतात. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे.

दोन्ही उदाहरणं 2016 च्या दुसऱ्या सीझनमधलीच घ्या. एका टास्कमध्ये बटाटा गोल्फच्या होलमध्ये घालायचा होता आणि होलभोवतीच्या लाल भागाला टच करायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं. जो विल्किन्सन नावाच्या स्पर्धकाने बटाटा लांबून फेकला आणि पहिल्याच फेकीत थेट आत, स्टुडिओत नुसता जल्लोष, आणि मग फुटेज नीट बघितल्यावर दिसलं की पाय लाल भागाला लागलाय. डिस्क्वालिफाय! मला अजून वाईट वाटतं त्याच्यासाठी, पण निर्णय बरोबरच होता.

आता दुसरं. टेकडीवरच्या योगा मॅटवर तीन मोठे बॉल ठेवायचे. बॉल वर न्यायच्या ऐवजी स्पर्धक रिचर्ड ऑस्मन वर जाऊन मॅटच खाली घेऊन आला. का, तर "टेकडीवरची" हा शब्द कुठली मॅट ते सांगतो, बॉल कुठे ठेवायचे ते नाही. मराठीत वाचून बघा, "टेकडीवरच्या मॅटवर बॉल ठेवा", इथेही दोन्ही अर्थ निघतातच की.

म्हणजे हेतू बघायचाच नाही. जोच्या मनात काही वाकडं नव्हतं तरी नियम मोडला, ऑस्मनने ठरवून शब्द वाकवला तरी एकही शब्द मोडला नाही. कागदावरच्या नेमक्या कुठल्या शब्दाच्या विरुद्ध गेला ते बोट ठेवून दाखवता आलं तर नियम मोडला, नाहीतर ती पळवाट, मग ती आपल्याला कितीही खटको.

आणि पळवाटेला मान द्यायलाच हवा असं मला वाटतं कारण स्पर्धकाच्या हातात तेवढा कागदच असतो, टास्कच्या वेळी हजर असणाऱ्या अ‍ॅलेक्स हॉर्नला काही विचारलं तरी तो म्हणतो सगळी माहिती टास्कमध्येच आहे. शेवटी पॉइंट किती द्यायचे ते शोचा जज ग्रेग डेव्हिस ठरवतो, पण लिहिणाऱ्याने जागा मोकळी सोडली असेल तर त्याचा फटका वाचणाऱ्याला का बसावा?