डार्क कव्हर (फँटसी सिरीजच्या ट्रेलरमधलं)

सगळ्यांच्या तोंडी असलेलं एखादं जुनं पॉप किंवा रॉक गाणं घ्यायचं, लय निम्म्यावर आणायची, ड्रम काढून टाकायचे आणि एकट्या आवाजात नाहीतर कॉयरकडून, म्हणजे गायकांच्या समूहाकडून, ते परत गाऊन घ्यायचं, याला डार्क कव्हर म्हणतात. पुस्तकावरून केलेल्या फँटसी सिरीजच्या ट्रेलरला हे फार शोभतं. पद्धत मूळ सिनेमाकडची, २०१० मध्ये 'द सोशल नेटवर्क'च्या ट्रेलरला बेल्जियमच्या स्काला कॉयरने गायलेलं रेडिओहेड या रॉक बँडचं 'क्रीप' लावलं आणि मग जो तो तेच करायला लागला.

सिरीजमधलं सगळ्यात जमलेलं उदाहरण म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'. पाचव्या सीझनला रॉक गायक डेव्हिड बोवीचं 'हीरोज' टीव्ही ऑन द रेडिओ या बँडच्या आवाजात होतं, पण खरा घाव बसला तो २०१६ च्या सहाव्या सीझनच्या ट्रेलरने. गाणं ख्रिस आयझॅकचं 'विकेड गेम', १९८९ चं, गायला आयरिश गायक जेम्स व्हिन्सेंट मॅकमॉरो. मूळ गाणं प्रेमात पोळलेल्या माणसाचं, इथे मात्र समोर सिरीजचा एक नायक जॉन स्नो याचा मृतदेह आणि वरून तो बारीक, कापरा आवाज, त्यामुळे तेच शब्द सत्तेच्या खेळाबद्दल वाटायला लागतात. त्यात सिरीज तेव्हा पुस्तकांच्या पुढे गेलेली, म्हणजे मूळ पुस्तकांचा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन कोळून प्यायलेल्यांनाही पुढचं माहीत नव्हतं, सगळे सारखेच हवालदिल!

माहीत असलेलंच परत ऐकण्यात काय मजा, हे गोव्यातल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही. देवळाच्या जत्रेला 'सौभद्र' हे संगीत नाटक लागतं तेव्हा सुभद्रा कोणाला मिळणार हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, पदंही पाठ असतात, तरी लोक रात्रभर बसतात ते आजचा नट पद कसं गातो ते ऐकायला. कव्हर आणि पुस्तकावरची सिरीज, दोन्हींची मजा हीच, माहीत असलेलं परत नव्याने भेटतं.

आणि यात खरं काम असतं अरेंजरचं, ज्याचं नाव सहसा कोणी घेत नाही. हिंदी सिनेमात शंकर-जयकिशनच्या चालींना ऑर्केस्ट्राचा साज चढवणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच, चाल तीच ठेवून भाव कसा फिरवायचा हे आमच्या या लोकांना पक्कं कळत होतं. ट्रेलरमध्येही तसंच, पहिलं कडवं जवळजवळ नुसत्या आवाजावर, मग खालून स्ट्रिंग्ज चढत जातात आणि शेवटी सगळं एकदम तोडून काळ्या पडद्यावर तारीख. नुसतं गाणं स्लो केलं की झालं असं मानणारे ट्रेलर म्हणूनच फसतात, शब्द गोष्टीला लागू पडत नसतील तर आवाज घुमवणारा रिव्हर्ब कितीही घाला, काही होत नाही.